नित्यनेम आणि सेवा: वारकरी वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी

ज्यांच्या घरी वारी नाही, भजन नाही, लहानपणी कुणी मांडीवर बसवून हरिपाठ शिकवला नाही, पण आता मनापासून वाटतंय की देवाचं काहीतरी करावं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नोकरी आहे, मुलं आहेत, घरात म्हातारी माणसं आहेत, आणि यातलं काहीही सोडायचं नाही. वारकरी वाट अशाच माणसांची आहे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार, सगळे आपापला धंदा करत होते.

या वाटेच्या मुळाशीच सेवा आहे. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता, देव दारात आला, तर त्याने वीट पुढे केली आणि हातातलं काम आटोपेपर्यंत थांबायला सांगितलं. देव रागावून परत गेला नाही. आपण पंढरपुरात ज्याचं दर्शन घेतो तो विठोबा त्या विटेवर अजून उभा आहे. म्हणून माझं पहिल्यापासून सांगणं एकच असतं: रोजची प्रार्थना आणि माणसाला मदत हे दोन वेगळे कप्पे करू नका. प्रार्थनेतूनच उद्याचं काम निघालं पाहिजे. ते कसं साधायचं, ते पुढे येईलच.

नेम लहान ठरवा

नव्या उत्साहात माणसं पहाटे चारला उठायचं ठरवतात, रोज ज्ञानेश्वरीचा अध्याय वाचू म्हणतात, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद पडतं. सुरुवातीला दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटं पुरे. वेळ मात्र एकच ठेवा. हरिपाठाची पारंपरिक वेळ दिवेलागणीची. त्या वेळी तुम्ही लोकलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये असाल तर सकाळी आंघोळ झाल्यावर, डबे भरायच्या आधी बसा. घरातल्या सगळ्यांना सांगून टाका की एवढा वेळ मी उठणार नाही. घरच्यांना ठाऊक असलेला नेम टिकतो.

जागा फार लागत नाही. विठ्ठल-रखुमाईची एक तसबीर, एक निरांजन, बसायला आसन. खाली बसवत नसेल तर खुर्चीवर बसा. हरिपाठाची छोटी पोथी आळंदी, देहू, पंढरपूरच्या कुठल्याही दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते, तीच घ्या. मोबाइलवर वाचता येतो, पण मधेच ऑफिसचा मेसेज येतो आणि मन तिकडे जातं.

क्रम असा ठेवा. दिवा लावा. मग ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र एक माळ, म्हणजे १०८ वेळा. सावकाश म्हटला तरी पाच-सात मिनिटांत होतो. हा मंत्र उघडा आहे, त्यासाठी कुणाची दीक्षा लागत नाही. त्यानंतर हरिपाठ. ज्ञानोबांच्या हरिपाठात छापील पोथ्यांप्रमाणे कुठे २७, कुठे २८ अभंग असतात. पहिल्या आठवड्यात पहिले दोनच म्हणा, नीट, अर्थ समजून. ‘हरि मुखे म्हणा, हरि मुखे म्हणा’ हे ध्रुपद प्रत्येक अभंगानंतर येतं, त्यामुळे ते आधी पाठ होतं. पुढे आठवड्याला दोन-तीन अभंग वाढवत जा. चाल यावी म्हणून एखाद्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ऐका आणि आवाजाची लाज बाळगू नका. हरिपाठ मोठ्याने म्हणायचा असतो.

शेवटी पसायदान. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या या नऊ ओव्या, नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ग्रंथ पुरा झाला तेव्हाच्या. त्या शाळेत पाठ झालेल्या असतात, म्हणून आपण त्या भराभर म्हणून टाकतो. एकदा थांबून बघा, त्यात मागितलंय काय. एवढा ग्रंथ सांगून झाल्यावर ज्ञानोबा दुष्टांचा दुष्टपणा जावो म्हणतात, ते दुष्ट जावोत असं म्हणत नाहीत. जीवांचं एकमेकांशी मैत्र जडो म्हणतात. जो जे वांछील ते त्याला मिळो म्हणतात. स्वतःच्या घरादारासाठी एक ओळ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पसायदान झालं की लगेच उठू नका. एक मिनिट शांत बसा आणि आज भेटलेल्या माणसांतला अडचणीतला एक माणूस आठवा. नावानिशी. खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांचा मुलगा परगावी आहे. घरकामाला येणाऱ्या ताई, ज्या दोन दिवस गप्प गप्प आहेत. ऑफिसातला सहकारी, ज्याची बायको ॲडमिट आहे. त्या माणसासाठी देवाजवळ मागा, आणि मग स्वतःला विचारा, उद्या मला यातलं काय करता येईल? वहीत नाव आणि काम, अशी एक ओळ लिहून ठेवा: ‘आजींचं लाइट बिल भरून देणं.’ दुसऱ्या दिवशी पसायदानानंतर तीच वही उघडा. काम झालं असेल तर खूण करा, राहिलं असेल तर पुन्हा लिहा. कामं अगदी साधी असतात, पण महिनाभर वही चालवलीत की तुमच्या आजूबाजूला कोण कसं जगतंय ते तुम्हाला दिसायला लागेल. मागणं तोंडाने आणि काम हाताने, असं जोडून ठेवल्याशिवाय प्रार्थना माणसांपर्यंत पोचत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते.

नेम चुकला तर

प्रवास, रात्रपाळी, घरात आजारपण, असं होणारच. नाम घ्यायला काळवेळ नाही असं खुद्द हरिपाठच सांगतो. बसमध्ये, रांगेत, आयसीयूच्या बाहेर, मनातल्या मनात ‘रामकृष्णहरी’ म्हणा, त्या दिवसाचा नेम झाला. सुतकात देवपूजा थांबवतात, नाम थांबवत नाहीत.

पाळीच्या दिवसांत हरिपाठ म्हणावा का, असं बायका मला दबक्या आवाजात विचारतात. बिनधास्त म्हणा. चोखोबांच्या घरच्या सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वीच आपल्या अभंगात विटाळाचा प्रश्न थेट देवाला विचारून ठेवला आहे: विटाळातून ज्याची उत्पत्ती झाली नाही असा देह कुठला? ज्या परंपरेत हा अभंग आदराने गायला जातो, तिथे तुम्ही चार दिवस नाम बंद ठेवायचं कारण नाही.

हातातलं काम

सोलापूर जिल्ह्यातलं अरण हे सावता माळ्यांचं गाव. पंढरपूर जवळ असूनही ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना विठाई दिसली. १२९५ साली अरणलाच त्यांनी देह ठेवला, आणि अजूनही विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून त्यांच्या भेटीला अरणला जाते.

तुमचा दिवस आठ-दहा तास नोकरीत जात असेल तर सेवेची सगळ्यात मोठी जागा तीच आहे. खिडकीमागे बसणाऱ्या माणसाने समोरच्याला ‘हा कागद नाही, उद्या या’ एवढंच न सांगता, कोणकोणते कागद लागतील हे एकदाच चिठ्ठीवर लिहून दिलं, तर खेड्यातून आलेल्याचा एक रोजगार वाचतो आणि एसटीचं भाडं वाचतं. शिक्षकाने मागे पडलेल्या पोराला मधल्या सुट्टीत दहा मिनिटं दिली, किराणा दुकानदाराने माप चोख ठेवलं, नर्सने इंजेक्शन देण्याआधी दोन शब्द बोलून घेतले, ही सगळी पूजाच आहे. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

सेवा कोणती निवडावी

पहिला हक्क घरच्यांचा. सासऱ्यांना डोळ्यांत औषध घालायला घरात कुणी नाही आणि आपण अन्नदानाला गेलो, हे पुंडलिकाच्या देवाला चालणार नाही. घरातलं कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर तीच तुमची सेवा. बाहेर जाता येत नाही म्हणून खंत करू नका.

घर मार्गी असेल तर नकाशा म्हणून गाडगेबाबांची दशसूत्री डोळ्यांसमोर ठेवा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस आयुष्यभर हातात खराटा घेऊन फिरला. दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःला मात्र घर ठेवलं नाही. त्यांची दहा कामं अशी: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत, बेघराला आसरा, अंध-पंगू-रोग्याला औषधोपचार, बेकाराला रोजगार, मुक्या प्राण्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींचं लग्न आणि दुःखी-निराश माणसाला हिंमत. यालाच ते रोकडा धर्म म्हणत.

या दहातलं एकच निवडा आणि वर्षभर तेच करा. आज अनाथाश्रम, पुढच्या महिन्यात गोशाळा, त्यानंतर वृक्षारोपण, असं केलं तर आपल्याला समाधान मिळतं, पण कुणाचीच गरज पुरती कळत नाही. मी नव्या माणसाला रुग्णांची सेवा सुचवते, कारण तिथे पैशांपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि वेळ कुणालाही देता येतो.

रुग्णालयात जाताना

मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळी नोंदणीच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभं राहून बघा. बाई नवऱ्याला बाकावर आडवं करून रांगेत उभी असते. हातात कपड्याच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक्स-रे, रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार, सगळं एकत्र कोंबलेलं. खिडकीशी पोचल्यावर मागितलेला कागद सापडत नाही, मागचे ओरडायला लागतात, ती बाजूला होते आणि जमिनीवर बसून पिशवी उपडी करते. अशा वेळी तिला हवा असतो तो शेजारी बसून कागद लावून देणारा, झेरॉक्स काढून आणणारा, ‘ताई, तुम्ही दादांजवळ बसा, मी रांगेत थांबते’ म्हणणारा माणूस.

पण थेट वॉर्डात शिरू नका. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मी अमुक वारी, अमुक वेळेत येऊ शकते, काय काम करू, असं विचारा आणि ते देतील ते काम घ्या. दोन गोष्टींची माहिती करून घेतलीत तर फार उपयोग होतो. पहिली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, नातेवाइकांना त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवलं तरी निम्मं काम होतं. दुसरी, धर्मादाय संस्थांच्या रुग्णालयांतल्या राखीव खाटा. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. कितीतरी कुटुंबं हे माहीत नसल्याने दागिने गहाण टाकतात. एक फॉर्म नीट भरून देणं हे शंभर लोकांच्या जेवणावळीइतकं मोठं पुण्य आहे असं मी मानते.

काय करू नये तेही सांगते. औषधांबद्दल सल्ला देऊ नका, अगदी घरगुती काढासुद्धा सुचवू नका. कुणाचे मूळ कागद आपल्याकडे ठेवून घेऊ नका. पैशांचं वचन देऊ नका. द्यायचेच असतील तर डॉक्टरांनी लिहिलेलं औषध स्वतः दुकानातून आणून बिलासकट हातात द्या. आजार काय, खर्च किती, मुलं का आली नाहीत, या चौकशा नकोत. आणि फोटो तर मुळीच नको.

अठरा ते पासष्ट वयाचे, निरोगी आणि किमान ४५ किलो वजनाचे असाल तर रक्तदानही याच सेवेत धरा. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, स्त्रियांना दर चार महिन्यांनी करता येतं. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. वाढदिवसाला शिबिरात रक्त देण्याऐवजी मे महिन्यात रक्तपेढीला फोन करून, गरज आहे का विचारून जा.

वारीच्या वाटेवर

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. वारकऱ्यांची सेवा करायची सगळ्यांनाच इच्छा असते, आणि ती बहुतेकांची पुण्यातच पुरी होते. एकाच रस्त्यावर दर दहा पावलांना केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं, चहा. वारकरी कुणाला नाही म्हणत नाहीत, घेतात आणि पुढे जातात. एका वर्षी मी लाडू वाटत उभी होते. एका म्हाताऱ्या माउलींनी लाडू घेतला, कपाळाला लावला, कनवटीला ठेवला आणि हळूच विचारलं, “बाई, सुईदोरा हाय का?” नऊवारीचा काठ फाटून पायात येत होता. अख्ख्या रस्त्यावर खायला मणभर, सुईदोरा एकाकडेही नाही. जवळच्या दुकानातून आणून दिला, तर तिथेच फुटपाथवर बसून त्यांनी टाके घातले, उरलेला दोरा सुईला गुंडाळून पदराच्या गाठीत बांधला आणि दिंडी गाठायला निघाल्या.

तेव्हापासून माझा सल्ला असा: वाटायचं ते आधी विचारून ठरवा. दिंडीच्या चालकांना फोन करा. सेफ्टी पिना, सुईदोरा, फोडांसाठी पट्ट्या, पायाला चोळायला तेल, चपलेचे अंगठे, पावसाळी इरल्याचं प्लॅस्टिक, फोन चार्जिंगची सोय, अशी उत्तरं येतील. शहरातली गर्दी सोडून पुढे जाता आलं तर नातेपुते, माळशिरस, वेळापूरकडे जा. तोवर पाय सुजलेले असतात आणि वाटणारे हात कमी झालेले असतात. पाय चोळताना सेवेकऱ्याने आणि वारकऱ्याने एकमेकांना ‘माउली’च म्हणायचं. समोरचा तुमच्या पाया पडेल, तुम्हीही पडा. वय, जात, हुद्दा काही बघायचं नाही. आणि पालखी पुढे गेली की मागे राहा. द्रोण, कागदी कप, केळ्यांच्या साली उचलायला माणसं हवी असतात.

एकादशी आणि पैसा

महिन्यातून दोन एकादश्या. उपास झेपेल तसा करा. मधुमेह असेल, गरोदर असाल, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, नुसतं नाम घेतलं तरी एकादशी होते. साबुदाणा, भगर, बटाटा, रताळं यांचं ताट रोजच्यापेक्षा जड व्हायला नको. स्वयंपाकात वाचलेला वेळ त्या दिवशी वहीतल्या राहिलेल्या कामाला द्या.

पैशांसाठी जुनी पद्धत चांगली आहे. भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात. डबा भरला की ज्याला गरज आहे त्याच्या घरी, दिवसाउजेडी चारचौघांसमोर न नेता, शांतपणे द्यायचा. लहान मुलांच्या हाताने मूठ टाकून घ्या, ती विसरत नाहीत.

माळ कधी घालावी

घाई नको. तुळशीची माळ गळ्यात घातली की मांस-दारू बंद, एकादशी आणि पंढरीची वारी आली. वर्षभर नेम टिकला, घरच्यांशी बोलणं झालं, की मग आळंदी, देहू किंवा पंढरपूरला जाऊन फडावरच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या, महाराजांकडून घ्या. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ ते गळ्यात घालतात. माळ नसली म्हणून तुमचा हरिपाठ कमी होत नाही. माळ घालून मोडण्यापेक्षा थांबलेलं बरं.

सोबत शोधा

एकट्याचा नेम कधीतरी कोरडा पडतो. जवळच्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळचा हरिपाठ होत असेल तर आठवड्यातून एकदा तिथे जा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी पहाटे काकडा असतो, थंडीत उठून जायला जड वाटतं पण चुकवू नका. आणि अखंड हरिनाम सप्ताह असेल तिथे नुसते श्रोते म्हणून जाऊ नका. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, पाळीपाळीने पहारा असतो. मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला माणसं कमी पडतात, मंडळाकडे आपलं नाव त्यासाठी द्या. वीणा वाजवता आली नाही तरी गळ्यात घेऊन उभं राहून नाम घेता येतं, कुणीतरी दाखवून देतं. दिवसा यायचं असेल तर पंगतीत वाढायला पुष्कळ जण असतात. तुम्ही भांडी घासायच्या बाजूला जा, आणि सप्ताहाच्या शेवटच्या, काल्याच्या दिवशी सगळे प्रसाद घेऊन गेल्यावर मांडव झाडायला थांबा.